शेअर केलेलं फोल्डर उघडत नाही, प्रिंटर ऑफलाइन दाखवतो: घरच्या नेटवर्कवर दोष कसा शोधायचा

लॅपटॉपवरून प्रिंट दिली, हॉलमधला प्रिंटर ढिम्म. परवापर्यंत उघडणारं फोल्डर आज पासवर्ड मागतंय आणि बरोबर पासवर्ड दिला तरी नाकारतंय. अशा वेळी पहिला हात जातो तो फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी भिंत) बंद करण्याकडे, नाहीतर प्रिंटर काढून पुन्हा टाकण्याकडे. दोन्ही करू नका. फायरवॉल बंद केल्याने खरं कारण कळत नाही, आणि नंतर ती तशीच बंद राहून जाते. प्रिंटर पुन्हा टाकला की जुनी चुकीची नोंद तशीच राहते, तिच्या शेजारी 'कॉपी १' नावाची दुसरी येते आणि गुंता वाढतो.

शेअरिंगचा दोष खालून वर शोधत जायचा. दोन्ही यंत्रं एकाच नेटवर्कवर आहेत का? असतील तर दार उघडं आहे का? दार उघडं असेल तर ओळख पटते का? ओळख पटत असेल तर परवानगी आहे का? प्रिंटरची स्वतःची दुखणी यानंतर. हा क्रम सोडला की तासभर भलत्याच ठिकाणी खटपट होते.

इथे उदाहरण विंडोज १० आणि ११ चं घेतलं आहे. ज्या संगणकावर फोल्डर आहे किंवा ज्याला प्रिंटर जोडलेला आहे तो 'मेन पीसी', आणि जिथून वापरायचं तो 'लॅपटॉप'. आज्ञा आणि मेनूंची नावं देवनागरीत लिहिली असली तरी संगणकावर ती इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायची. मराठी कीबोर्ड चालू राहिला तर आयपी पत्त्यात (नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला मिळणाऱ्या आकडी पत्त्यात) मराठी आकडे पडतात आणि पत्ता चुकीचा ठरतो. टाइप करण्याआधी विंडोज आणि स्पेस ही बटणं एकत्र दाबून इंग्रजीवर या.

आणि सुरुवातीलाच दोन्ही संगणक एकदा 'रीस्टार्ट' करा. 'शट डाउन' करून पुन्हा चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये आतली काही स्थिती जपून ठेवली जाते आणि जुना बिघाड तसाच परत येतो.

दोघं एकाच नेटवर्कवर आहेत का

दोन्ही संगणकांवर स्टार्टमध्ये 'सीएमडी' टाइप करून काळी खिडकी उघडा आणि 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा द्या. 'आयपीव्ही४ ॲड्रेस' या ओळीतला आकडा कागदावर उतरवून घ्या. समजा मेन पीसी १९२.१६८.१.२० आणि लॅपटॉप १९२.१६८.१.३५ आहे. पहिले तीन गट सारखे, शेवटचा वेगळा. घरच्या नेटवर्कवर असंच दिसायला हवं.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. केबल सैल आहे, वायफायचा पासवर्ड बदलला आहे किंवा राउटर अडकला आहे. राउटर बंद करून दोन मिनिटांनी चालू करा आणि पत्ता पुन्हा पाहा. हे सुटेपर्यंत शेअरिंगकडे वळण्यात अर्थ नाही.

तिसरा गट वेगळा असेल, म्हणजे एकाचा १९२.१६८.२९.१२ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.०.१०५, तर घरात दोन राउटर एकामागे एक लागलेले आहेत. आपल्याकडे हे फार आढळतं. फायबरवाल्याने टीव्हीजवळ लावलेला डबा स्वतःच वायफाय देतो. त्याची रेंज आतल्या खोलीत पोहोचत नाही म्हणून आपण बाजारातून दुसरा राउटर आणतो आणि पहिल्याची केबल त्याच्या निळ्या किंवा वेगळ्या रंगाच्या 'वॅन' (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटच्या) पोर्टमध्ये लावतो. इंटरनेट दोन्हींवर छान चालतं, म्हणून शंकाही येत नाही. पण आतल्या राउटरने आपलं वेगळं नेटवर्क थाटलेलं असतं. याची खूण अशी: आतल्या राउटरवरच्या लॅपटॉपवरून बाहेरचा पीसी पत्ता टाकल्यावर कधी कधी उघडतो, पण बाहेरच्या पीसीवरून आतलं काहीच सापडत नाही.

यावर उपाय म्हणजे दुसऱ्या राउटरला फक्त वायफाय पसरवण्याचं काम द्यायचं. त्याच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर तो निवडला की काम झालं. तो पर्याय नसेल तर हाताने करावं लागतं, आणि तिथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी दुसऱ्या राउटरचा स्वतःचा लॅन पत्ता (घरातल्या नेटवर्कवरचा पत्ता) पहिल्याच्या नेटवर्कमधला द्या. पहिला १९२.१६८.२९.१ असेल तर दुसऱ्याला १९२.१६८.२९.२. सेव्ह करा, नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करा, मग त्याचं 'डीएचसीपी सर्व्हर' (यंत्रांना आयपी पत्ते वाटणारी सोय) बंद करा. शेवटी केबल वॅन पोर्टमधून काढून लॅन पोर्टमध्ये लावा. डीएचसीपी आधी बंद केलं आणि पत्ता बदलायचा राहिला, तर त्या राउटरच्या सेटिंगमध्ये परत शिरणं अवघड होऊन बसतं. मग मागचं बारीक रीसेट बटण दाबून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

पत्ते जुळत असूनही यंत्रं एकमेकांना दिसत नसतील तर तीन गोष्टी पाहा. लॅपटॉप 'गेस्ट' वायफायवर आहे का? गेस्ट नेटवर्क पाहुण्यांना घरातल्या यंत्रांपासून लांब ठेवण्यासाठीच असतं. राउटरमध्ये 'एपी आयसोलेशन' किंवा 'क्लायंट आयसोलेशन' (वायफायवरची यंत्रं एकमेकांना दिसू न देणारी सोय) चालू आहे का? आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कशी जोडणारी सुरक्षित वाट) चालू आहे का? बऱ्याच कंपन्यांचं व्हीपीएन जोडलेलं असताना घरचं नेटवर्क मुद्दाम तोडतं. व्हीपीएन बंद करून बघा. तेवढ्याने प्रिंटर दिसला तर तुमच्या घरात काही बिघडलेलं नाही.

दार उघडं आहे का

मेन पीसीवर सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, मग चालू असलेलं वायफाय किंवा इथरनेट यांच्या प्रॉपर्टीज उघडा. तिथे नेटवर्क 'पब्लिक' असेल तर ते 'प्रायव्हेट' करा. पब्लिकवर विंडोज शेअरिंगची दारं लावून घेतं. रेल्वे स्टेशनच्या वायफायवर ते योग्यच आहे, घरी नाही. राउटर बदलला, वायफायचं नाव बदललं किंवा विंडोज नव्याने टाकलं की नेटवर्क पुन्हा पब्लिक ठरतं. 'कालपर्यंत चालत होतं' अशी तक्रार असेल तर सगळ्यात आधी इथे पाहावं.

मग विंडोज ११ मध्ये ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्जमधून ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज उघडा. विंडोज १० मध्ये हे कंट्रोल पॅनेलच्या नेटवर्क अँड शेअरिंग सेंटरमध्ये आहे. प्रायव्हेट नेटवर्कखाली 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' दोन्ही चालू हवेत.

आता लॅपटॉपवरून खात्री करा. बहुतेक जण 'पिंग' करतात, पण पिंगला उत्तर आलं नाही म्हणजे दार बंद आहे असं नाही, आणि उत्तर आलं म्हणजे फोल्डर उघडेलच असंही नाही. विंडोजचं फाइल शेअरिंग पोर्ट ४४५ वर, म्हणजे त्या क्रमांकाच्या दारातून, चालतं, तेव्हा तेच तपासावं. पॉवरशेल उघडून द्यायची आज्ञा: 'टेस्ट-नेटकनेक्शन १९२.१६८.१.२० -पोर्ट ४४५'. उत्तराच्या शेवटच्या ओळीत 'टीसीपीटेस्टसक्सीडेड' पुढे 'ट्रू' आलं तर नेटवर्क आणि फायरवॉल दोन्ही बाजूला ठेवा, दोष पुढे आहे. 'फॉल्स' आलं आणि नेटवर्क प्रायव्हेट असेल, तर मेन पीसीवरच्या अँटीव्हायरसकडे वळा. पूर्ण पॅकेजवाले अँटीव्हायरस विंडोजच्या फायरवॉलची जागा स्वतः घेतात आणि विश्वासू नेटवर्कची आपली वेगळी यादी ठेवतात. त्या यादीत घरचं नेटवर्क 'होम' किंवा 'ट्रस्टेड' करावं लागतं. विंडोजमध्ये प्रायव्हेट केलेलं त्यांना आपोआप कळेलच असं नाही.

नावाने की पत्त्याने

फाइल एक्स्प्लोररच्या 'नेटवर्क' मध्ये मेन पीसीचं चिन्ह दिसत नाही म्हणून शेअरिंग बंद आहे असं समजू नका. ती यादी वेगळ्या यंत्रणेवर चालते आणि ती अनेकदा अर्धवट भरते. एक्स्प्लोररच्या वरच्या पट्टीत क्लिक करून तिथलं सगळं पुसा आणि लिहा: \\१९२.१६८.१.२० . सुरुवातीला दोन बॅकस्लॅश (\), साधे स्लॅश (/) नाहीत. एंटर दाबल्यावर फोल्डरांची यादी किंवा पासवर्डची खिडकी आली म्हणजे रस्ता मोकळा आहे.

पत्त्याने उघडतं पण यादीत दिसत नाही, असं असेल तर मेन पीसीवर स्टार्टमधून 'सर्व्हिसेस' (विंडोजच्या पडद्यामागे चालणाऱ्या कामांची यादी) उघडा आणि 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' आणि 'फंक्शन डिस्कव्हरी प्रोव्हायडर होस्ट' या दोन्ही चालू आहेत का ते बघा. पहिलीचा स्टार्टअप प्रकार 'ऑटोमॅटिक' ठेवा. आपण आहोत हे नेटवर्कला सांगण्याचं काम तिचंच.

नावाने उघडत नसेल तर नावच तपासा. १५ अक्षरांपेक्षा मोठं नाव जुन्या पद्धतीत कापलं जातं, आणि दोन पीसींना एकच नाव असेल तर कोण उत्तर देईल याचा भरवसा नाही. 'हॉल-पीसी' असं छोटं, इंग्रजी अक्षरांतलं, मधे जागा न सोडलेलं नाव द्या. फोल्डरांच्या आणि फाइलींच्या मराठी नावांनी काही बिघडत नाही.

ओळख पटत नाही: खरा घोळ इथेच

पासवर्डची खिडकी पुन्हा पुन्हा येते, यामागे बहुतेक वेळा एकच गैरसमज असतो. पीसी चालू करताना टाकतो तो चार किंवा सहा आकडी पिन लोक इथे टाकतात. पिन त्या एका यंत्रापुरताच असतो, नेटवर्कवरून तो कधीच चालत नाही. इथे मेन पीसीवरच्या खात्याचा पासवर्ड लागतो. मेन पीसीवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेलं असेल तर युजरनेमच्या जागी पूर्ण ईमेल आणि पासवर्डच्या जागी त्या ईमेल खात्याचा पासवर्ड.

तरीही नाकारलं जातं, कारण वर्षभर फक्त पिनने किंवा बोटाच्या ठशाने लॉगिन करत असाल तर खरा पासवर्ड त्या पीसीवर तपासायला उपलब्ध नसू शकतो. मेन पीसी लॉक करा, लॉगिनच्या पडद्यावर पिनऐवजी पासवर्डचा पर्याय निवडा, एकदा पासवर्डने आत जा, मग लॅपटॉपवरून पुन्हा प्रयत्न करा.

घरासाठी याहून सोपा मार्ग आहे आणि आमचा कल तिकडेच आहे: शेअरिंगसाठी मेन पीसीवर एक वेगळं स्थानिक खातं करायचं. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स, ॲड अकाउंट. ईमेल मागितल्यावर 'या व्यक्तीची साइन-इन माहिती माझ्याकडे नाही' आणि नंतर 'मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय युजर जोडा' हे निवडा. नाव इंग्रजीत 'घर' एवढं पुरे. पासवर्ड मात्र द्याच. पासवर्ड नसलेल्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही, ते खातं फक्त त्या पीसीसमोर बसूनच चालतं. घरातल्या कुणाचा ईमेल पासवर्ड बदलला तरी या खात्यावर परिणाम होत नाही, आणि मुलांच्या लॅपटॉपवर आईवडिलांच्या ईमेलचा पासवर्ड साठवून ठेवायची वेळ येत नाही.

मग लॅपटॉपवर कंट्रोल पॅनेलमधलं 'क्रेडेन्शियल मॅनेजर' उघडा, 'विंडोज क्रेडेन्शियल्स' निवडा. मेन पीसीच्या नावाची किंवा पत्त्याची जुनी नोंद असेल तर ती काढून टाका. पासवर्ड बदलल्यावर शेअरिंग बंद पडतं ते या जुन्या नोंदीमुळे, कारण विंडोज न विचारता तीच पुढे करत राहतं. नवी नोंद अशी करा: पत्त्याच्या जागी मेन पीसीचं नाव, युजरनेमच्या जागी 'हॉल-पीसी\घर', आणि पासवर्ड. पुढेमागे फोल्डर ज्या रीतीने उघडणार, नावाने की पत्त्याने, तीच इथे लिहा. विंडोज दोन्हींना वेगवेगळे पीसी समजतं.

'एकाहून अधिक युजरनेमने जोडता येत नाही' असा १२१९ क्रमांकाचा एरर आला, तर आधीच्या नावाने झालेली जोडणी अजून जिवंत आहे. सीएमडीमध्ये 'नेट यूज * /डिलीट' देऊन सगळ्या जोडण्या तोडा आणि नव्याने उघडा.

ही सगळी खटपट करूनही बरोबर पासवर्ड नाकारला जात असेल आणि दोन्ही पीसी एकाच दुकानातून एकाच वेळी घेतलेले असतील, तर एक कारण नजरेआड करू नका. वेळ वाचवण्यासाठी एका पीसीवर विंडोज टाकून त्याच डिस्कची नक्कल दुसऱ्यावर उतरवतात. मग दोन्ही पीसींचा अंतर्गत ओळख क्रमांक, म्हणजे एसआयडी, एकच राहतो. वर्षानुवर्षं हे खपून जात असे. विंडोज ११ च्या २४एच२ आणि २५एच२ आवृत्त्यांत ऑगस्ट २०२५ च्या शेवटापासूनच्या अपडेटनंतर असे जुळे पीसी एकमेकांना ओळख देईनासे झाले. तपासण्यासाठी दोन्हीकडे 'हूॲमआय /युजर' ही आज्ञा द्या. 'एस-१-५-२१' च्या पुढचे तीन लांब आकडे दोन्हीकडे तंतोतंत सारखे निघाले तर हेच दुखणं आहे. एका पीसीवर विंडोज नव्याने टाकणं हा त्यावरचा स्वच्छ उपाय.

ओळख पटली, पण 'ॲक्सेस डिनाइड'

शेअर केलेल्या फोल्डरला दोन कुलपं असतात. एक शेअरिंगचं, दुसरं डिस्कवरचं. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'शेअरिंग' टॅबवर ॲडव्हान्स्ड शेअरिंगमधल्या परमिशन्स हे पहिलं, आणि शेजारच्या 'सिक्युरिटी' टॅबवरची यादी हे दुसरं. दोन्हींत जे जास्त कडक असेल तेच लागू होतं. शेअरिंगमध्ये 'फुल कंट्रोल' देऊन सिक्युरिटीमध्ये 'घर' खातं जोडायचं राहिलं, की फोल्डर दिसतं पण उघडत नाही. उलट बाजूने, सिक्युरिटीत सगळं दिलं पण शेअरिंगमध्ये 'रीड' राहिलं, तर फाइल उघडते पण सेव्ह होत नाही. दोन्ही ठिकाणी 'घर' खातं जोडा, शेअरिंगमध्ये 'चेंज' आणि सिक्युरिटीत 'मॉडिफाय' द्या.

फोल्डरातल्या सगळ्या फाइली उघडतात आणि दोन-चारच नकार देतात, असंही होतं. त्या फाइली त्याच ड्राइव्हवरच्या दुसऱ्या फोल्डरातून कट-पेस्ट करून आणलेल्या असतात. त्याच ड्राइव्हवर हलवलेली फाइल जुन्या जागेच्या परवानग्या सोबत घेऊन येते, कॉपी केलेली फाइल नव्या जागेच्या घेते. शेअर केलेल्या मूळ फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबवर 'ॲडव्हान्स्ड' मध्ये जाऊन 'रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट परमिशन एंट्रीज' वर खूण करा, ओके द्या.

'डेस्कटॉप' किंवा 'डॉक्युमेंट्स' शेअर करू नका. ते अनेकदा वनड्राइव्हकडे वळवलेले असतात आणि काही फाइली पीसीवर नसून फक्त ऑनलाइन असतात. डी ड्राइव्हवर 'शेअर' नावाचं नवं फोल्डर करा आणि तेच शेअर करा.

जुनी हार्डडिस्क, राउटरला लावलेला पेनड्राइव्ह

राउटरच्या यूएसबीला लावलेली डिस्क किंवा जुना नॅस बॉक्स (नेटवर्कला थेट जोडलेली डिस्कची पेटी) नव्या लॅपटॉपवर उघडत नाही, यामागे दोन कारणं असतात. पहिलं म्हणजे त्याला फाइल शेअरिंगची फक्त एसएमबी१ ही जुनी पद्धत येते. विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१७ मधल्या आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये ती सहसा आपोआप चालू राहत नाही. 'विंडोज फीचर्स' मधून ती परत चालू करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस एसएमबी१ मधल्याच छिद्रातून एका पीसीतून दुसऱ्यात शिरत होता. राउटरचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, त्यात एसएमबी२ चा पर्याय आला आहे का बघा. नसेल तर ती डिस्क मेन पीसीला लावून तिथून शेअर करा.

दुसरं कारण म्हणजे पासवर्डशिवाय, 'गेस्ट' म्हणून जोडणं. विंडोज ११ प्रो २४एच२ पासून गेस्ट जोडणी बंद आहे आणि प्रत्येक जोडणीला डिजिटल सही लागते. 'सुरक्षा धोरणामुळे गेस्ट प्रवेश अडवला' असा संदेश हेच सांगतो. डिस्कला किंवा नॅसला युजरनेम आणि पासवर्ड ठेवा, काम होतं.

यूएसबीवाला प्रिंटर शेअर करताना

घरोघरी अजून कॅनन एलबीपी २९०० आणि एचपी लेझरजेट १०२० हे छोटे लेझर प्रिंटर इमानेइतबारे चालू आहेत. दोन्हींना फक्त यूएसबी आहे. पानाचं पूर्ण चित्र ड्रायव्हर पीसीवरच तयार करतो, प्रिंटर ते फक्त कागदावर उतरवतो. एचपी १०२० ला तर प्रत्येक वेळी चालू केल्यावर पीसीकडून फर्मवेअर घ्यावं लागतं. म्हणून हे प्रिंटर राउटरच्या यूएसबी पोर्टला लावून बहुतेक वेळा उपयोग होत नाही. त्यांना मागे एक जागा पीसी हवाच. (जुना रास्पबेरी पाय हा छोटा संगणक पडून असेल तर एचपी १०२० साठी त्यावर लिनक्सचा 'फू२झेडजेएस' ड्रायव्हर चालतो.)

'जागा' हा शब्द महत्त्वाचा आहे. मेन पीसी झोपला की प्रिंटर ऑफलाइन. सेटिंग्ज, सिस्टम, पॉवरमध्ये वीज जोडलेली असताना 'स्लीप' 'नेव्हर' करा. पडदा बंद झाला तरी चालेल. मेन पीसी म्हणून लॅपटॉपच वापरत असाल तर झाकण मिटल्यावर काय करायचं, तेही 'डू नथिंग' ठेवा.

शेअर नाव छोटं, इंग्रजीत, जागा न सोडता: 'लेझर'. आधी मेन पीसीवरूनच टेस्ट पेज काढा. तिथे निघत नसेल तर नेटवर्कचा संबंधच नाही.

लॅपटॉपवर जोडताना '०एक्स०००००११बी' एरर येतो. याचं मूळ २०२१ सालात आहे. त्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने प्रिंट स्पूलरमधल्या (छपाईची कामं रांगेत लावणाऱ्या यंत्रणेतल्या) एका छिद्रावर अपडेट आणलं. मग नियम आवळले, आणि सप्टेंबर २०२१ च्या अपडेटपासून प्रिंटरच्या जोडणीला एन्क्रिप्शन सक्तीचं झालं. एका पीसीवर अपडेट आहेत आणि दुसऱ्यावर नाहीत, तर दोघांचं जमत नाही. आधी दोन्ही पीसी पूर्ण अपडेट करा. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात) एक नोंद शून्य करून सक्ती काढून टाकायची युक्ती फिरत असते. तिने छिद्र पुन्हा उघडं पडतं, म्हणून ती वापरू नका.

'०एक्स०००००७०९' एरर विंडोज ११ च्या २२एच२ पासून जास्त दिसतो. तिथून प्रिंटरचा संवाद वेगळ्या वाटेने, थेट टीसीपीवरून होऊ लागला.

दोन्ही एररवर चालणारी, सुरक्षेला धक्का न लावणारी वाट म्हणजे लोकल पोर्ट. लॅपटॉपवर आधी प्रिंटरचा ड्रायव्हर स्वतः टाका. क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये मेन पीसीची नोंद असू द्या. मग प्रिंटर्स अँड स्कॅनर्समध्ये 'ॲड डिव्हाइस', थोडं थांबून 'ॲड मॅन्युअली', त्यातला सगळ्यात खालचा 'लोकल प्रिंटर विथ मॅन्युअल सेटिंग्ज' हा पर्याय, 'क्रिएट अ न्यू पोर्ट', 'लोकल पोर्ट'. पोर्टचं नाव म्हणून लिहा: \\हॉल-पीसी\लेझर . पुढे ड्रायव्हर यादीतून निवडा. आता लॅपटॉप मेन पीसीचा ड्रायव्हर मागत नाही, स्वतःचाच वापरतो, आणि तयार काम फाइल शेअरिंगच्या वाटेने पाठवतो.

जुना प्रिंटर यादीतून अचानक गायबच झाला, तर प्रिंटर्स अँड स्कॅनर्समध्ये 'विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड' चालू झाला आहे का बघा. २४एच२ मधली ही सोय चालू केली की कंपन्यांचे जुने ड्रायव्हर चालत नाहीत. आणि नवा लॅपटॉप स्नॅपड्रॅगनसारख्या आर्म प्रोसेसरचा असेल तर नेहमीचा ६४ बिट ड्रायव्हर त्यावर चढणार नाही. विकत घेण्याआधीच हे पाहायला हवं.

वायफाय प्रिंटर 'ऑफलाइन'

वायफाय प्रिंटर चालू आहे, दिवा स्थिर आहे, फोनवरून प्रिंट निघते, आणि लॅपटॉप मात्र 'ऑफलाइन' म्हणतो. यात बहुतेक वेळा प्रिंटरचा पत्ता बदललेला असतो. वीज जाऊन आली, राउटर पुन्हा चालू झाला आणि प्रिंटरला नवा आकडा मिळाला; लॅपटॉप जुन्याच आकड्याला हाका मारतोय. प्रिंटरवरून नेटवर्कची माहिती देणारं पान छापून घ्या. त्यावर आयपी आणि मॅक (यंत्राचा न बदलणारा ओळख क्रमांक) दोन्ही पत्ते असतात. राउटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' मध्ये त्या मॅकला एक कायमचा आयपी बांधून द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०.

मग लॅपटॉपवर प्रिंटर प्रॉपर्टीजमधला 'पोर्ट्स' टॅब उघडा. खूण 'डब्ल्यूएसडी' (प्रिंटर आपोआप शोधणाऱ्या) पोर्टवर असेल तर ऑफलाइनचं दुखणं पुन्हा येण्याची शक्यता मोठी. 'ॲड पोर्ट' मधून 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' निवडा आणि बांधलेला आयपी द्या. त्याच पोर्टच्या 'कॉन्फिगर पोर्ट' मध्ये 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड' वरची खूण काढा. ही सोय प्रिंटरला 'चालू आहेस का' असं विचारत राहते; प्रिंटरने त्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही तर विंडोज त्याला ऑफलाइन ठरवतं, मग प्रिंटर धडधाकट असला तरी. शिवाय रांगेच्या खिडकीत 'यूज प्रिंटर ऑफलाइन' वर चुकून खूण राहिली आहे का तेही बघा.

प्रिंटर वायफायलाच जोडला जात नसेल तर बहुतेक स्वस्त प्रिंटरांना फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं, हे ध्यानात घ्या. राउटर दोन्ही बँडांना एकच नाव देत असेल तर जोडणी होईपर्यंत ५ गिगाहर्ट्झ बंद ठेवा. वायफायची सुरक्षा पद्धत फक्त नवी डब्ल्यूपीए३ असेल तर डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र करा.

रांगेत अडकलेलं काम रद्दही होत नाही, तेव्हा सर्व्हिसेसमध्ये 'प्रिंट स्पूलर' थांबवा, सी ड्राइव्हवरच्या विंडोज, सिस्टम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरातल्या फाइली पुसा (फोल्डर नाही), आणि स्पूलर पुन्हा चालू करा. प्रिंटर शेअर केलेला असेल तर हे आधी मेन पीसीवर करा, काम तिथेच साचलेलं असतं.

शेवटचा एक प्रकार शेअरिंगचा वाटतो, पण नसतो. श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल मेन पीसीवर नीट दिसते, आणि लॅपटॉपवरून उघडली की चित्रविचित्र इंग्रजी अक्षरं येतात. तसंच प्रिंटही होतं. फाइल शाबूत आहे, फक्त लॅपटॉपवर तो फॉन्ट नाही. छापताना ज्या संगणकावर फाइल उघडली आहे त्याचेच फॉन्ट वापरले जातात. फॉन्ट लॅपटॉपवर टाका, नाहीतर मेन पीसीवरून पीडीएफ करून घ्या आणि शेअर फोल्डरात ती ठेवा.